घोटलेलं आणि लपवलेलं

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. माहेरच्या ग्रुपवर, कॉलनीच्या ग्रुपवर, मुलीच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर, आणि पुण्याच्या नणंदेकडून वेगळा. मजकूर थोडक्यात असा: मूल भाजी खात नाही? भाज्या उकडा, मिक्सरमधून काढा, गाळून घ्या आणि कणकेत, वरणात, शेवभाजीच्या रश्श्यात मिसळा. मुलाला कळतही नाही. दोन पोळ्यांत वाटीभर भाजी पोटात जाते. हळूहळू गोडीही लागते. चावायचा कंटाळा करणाऱ्या मुलांना तर हे उत्तमच. जेवतानाची रडारड बंद. आणि शेवटी, 'आपल्या आज्याही असंच करायच्या.'

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं, पण त्याच्याकडे येईनच. आधी बाकीचं.

'मुलाला कळत नाही.' कळतं. हे मी अनुभवाने सांगते, कारण गेल्या वर्षी तीन महिने मी हाच उद्योग केला. वरणात दुधी, धिरड्यात पालक, शेवभाजीच्या वाटणात गाजर. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती खात होती आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. एका संध्याकाळी मिक्सरने नीट काम केलं नाही आणि गाजराचा शेंगदाण्याएवढा तुकडा रश्श्यात राहिला. तिने तो बोटाने बाजूला काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वरणातपण टाकतेस का?" मी खोटं बोलले. तेही तिला कळलं.

त्यानंतर गाजराचं काय झालं ते सोडा, वरण गेलं. जे वरण ती दीड वर्षाची असल्यापासून खात होती ते तिने पाच आठवडे तोंडात घेतलं नाही. पोळीचा तुकडा उजेडाकडे धरून बघायची. नावडत्या भाज्यांच्या यादीत एकही नाव कमी झालं नाही, उलट आवडत्या पदार्थांची यादी आखूड झाली. ज्या घरात मूल जेमतेम चार-पाच पदार्थच खातं, तिथे त्यातला एक गमावणं किती महाग पडतं बघा. अशा मुलाला खरं तर डॉक्टरांना दाखवायला हवं, मिक्सरला नव्हे.

सासूबाई शिरपूरकडच्या. त्या सगळ्या प्रकाराकडे महिनाभर बघत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "पोरले जेवाडी ऱ्हायनी का फसाडी ऱ्हायनी वं?" म्हणजे, पोराला जेवू घालतेस की फसवतेस? मला उत्तर सुचलं नाही.

'दोन पोळ्यांत वाटीभर भाजी.' हा हिशोब कुणीतरी ओट्याशी उभं राहून करायला हवा होता. दोन वाट्या कणकेच्या साधारण आठ पोळ्या होतात. ती भिजवायला पाऊण वाटी पाणी लागतं. पाण्याचा थेंबही न घेता सगळी कणीक दुधीच्या लगद्यात भिजवली तरी त्यात पाऊण वाटीच लगदा मावणार, जास्त घातला तर पोळी लाटता येणार नाही. आठातल्या दोन पोळ्या मुलीने खाल्ल्या तर तिच्या वाट्याला पाव वाटीपेक्षाही कमी आला. तीन चमचे म्हणा. त्यात गाळायला सांगितलंय, म्हणजे चोथा गाळणीत. उकडलेलं पाणी ओतून दिलं तर क जीवनसत्त्वाचा बराच भाग मोरीत.

आता खरं ते खरं. मिसळलेली भाजी फुकट जाते असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. पदार्थांत भरपूर भाजीचा लगदा घातल्यावर मुलांच्या दिवसभरातल्या भाजीचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. गाजर शिजवून, वाटून, थोड्या तेलातुपासोबत दिलं तर त्यातलं कॅरोटीन कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतं, हेही बरोबर. पण त्याच प्रयोगात मुलांच्या ताटात भाजी दिसेल अशी वेगळीही वाढलेली होती, आणि ती त्यांनी पूर्वीइतकीच खाल्ली. लगदा वरचा होता, भाजीच्या बदल्यात नव्हता. मेसेज तयार करणाऱ्याने हा भागही गाळून टाकलेला दिसतो.

'हळूहळू गोडी लागते.' कशाची? मूल पोळी खातंय, त्याला गोडी पोळीची लागणार. पालकाचा रंग, वास, जिभेवरचा तो किंचित तुरटपणा यांची ओळखच झाली नाही तर आवड कुठून येईल? लिअॅन बर्च या अमेरिकी अभ्यासिकेने सहकाऱ्यासोबत दोन वर्षांच्या मुलांना वेगवेगळे नवे पदार्थ कमी-अधिक वेळा चाखायला दिले होते. १९८२ सालचं काम आहे हे. जो पदार्थ जास्त वेळा जिभेला लागला तो जास्त आवडला, साधी गोष्ट. पुढच्या अभ्यासांतही आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखल्यावर मूल नवी चव स्वीकारतं असं दिसत आलं. आपण तिसऱ्यांदा 'हिला गिलकं (घोसाळं) आवडतच नाही' म्हणून शिक्का मारतो. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाला बिचकणं हे वाढीचाच भाग आहे, हट्ट नव्हे.

चावायच्या कंटाळ्याबद्दल एवढंच: इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. ज्यांना नऊ महिन्यांनंतरही गुळगुळीतच भरवलं होतं, ती मुलं सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या कटकटीही जास्त होत्या. चावायचं चावूनच येतं.

आता आज्या.

आमच्या खानदेशात भाजी घोटत नाहीत असं कोण म्हणेल? लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीबरोबर वांग्याची भाजी येते ती घोटलेलीच. मोठ्या पातेल्यात वांगी शिजली की माणूस डाव घेऊन उभा राहतो आणि एकही फोड ओळखू येणार नाही इतकी घोटतो. पण तिला वांग्याचीच भाजी म्हणतात. वाढपी आरोळी ठोकतो तीसुद्धा 'भाजी, भाजी' अशीच. गंगाफळाचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, घारगे घ्या, गंगाफळ गुळात पूर्ण विरघळलेलं असतं, पण नावात पहिलं तेच.

आणि भरीत. चंपाषष्ठीपर्यंत चातुर्मासाचं वांगं बंद ठेवणारी घरं अजून आहेत, त्यामुळे हिवाळ्यात पहिलं भरीत होतं त्याचं अप्रूप वेगळंच. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात मोठी हिरवी वांगी, धुराने डोळे चुरचुरणारे आणि साल सोलताना बोटं भाजून घेणारी पोरं. मग लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे. बाजूला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. भरीत म्हणजे लगदाच, पण मूल त्या वांग्याला शेतातल्या झाडापासून भाकरीवर येईपर्यंत बघत असतं. २०१६ साली ज्या वांग्याला जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, ते आम्ही पोरांपासून लपवायचं?

आज्या लपवत नव्हत्या. त्या पोकळा निवडायला पोरांनाच बसवायच्या. लाडाने नव्हे, काम असायचं म्हणून. त्या सगळं बरोबर करायच्या असंही नाही. 'ताट चाटूनपुसून उठायचं' म्हणून पाठीत धपाटे घालणारी माझी आजी मला आठवते, आणि त्या धपाट्यांमुळे मला एकही भाजी आवडलेली नाही.

राहिली रडारड. ती भाजीमुळे कमी आणि 'एवढी संपव'मुळे जास्त होते. काय शिजवायचं आणि केव्हा वाढायचं हे मी ठरवते, किती खायचं ते ती, एवढी वाटणी केल्यावर आमच्याकडची निम्मी भांडणं मिटली. भाजी चमचाभर, रोज, दिसेल अशी. नाही खाल्ली तर मी उचलून घेते, भाषण नाही. लगदा आजही करते, पण दुधीचं धिरडं आता 'दुधीचं धिरडं' म्हणूनच ताटात येतं आणि दुधी तीच किसते. निम्मा ओट्यावर सांडतो. वरण परत सुरू झालंय, मात्र पहिल्या घासाआधी वास घेण्याची सवय तिची गेलेली नाही.

या हिवाळ्यात सासूबाईंच्या शेजारी बसून तिने बडगीत भरीत ठेचलं आणि पात बाजूला काढून दोन घास खाल्ले. गिलकं सहाव्या की सातव्या खेपेला पोटात गेलं. दोडका अजून तसाच परत येतो, आणि तो खाऊन दाखवायची वेळ आली की मीही पाणी आणायला उठते.