आणा अजून एक सुपरस्टार!

परवा आमच्या फिनिक्स सन्सच्या (एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला संघ) चाहत्यांच्या ग्रुपवर एकाने ट्रेड मशीनचा (खेळाडूंची अदलाबदल जुळवून बघायची वेबसाइट) स्क्रीनशॉट टाकला. जेलन ग्रीन, ग्रेसन अ‍ॅलन, खमान मालुआच आणि 'चार फ्युचर फर्स्ट' (पुढच्या वर्षांचे पहिल्या फेरीचे चार ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क) मिलवॉकीला द्यायचे आणि तिथल्या सुपरस्टार यानिसला फिनिक्सला आणायचं. खाली सतरा अंगठे, तीन ज्वाळा आणि एक 'बॉस, तू जीएम पाहिजे होतास' (जीएम म्हणजे संघ बांधणारा जनरल मॅनेजर).

सतरा जणांना पटलेली गोष्ट चूक कशी असेल? म्हणून 2025-26 चा सीझन तोंडावर असताना ही सूत्रं लिहून ठेवतो. ज्यांना एनबीएचा संघ चालवायचाय, किंवा सोफ्यावरून चालवतोच आहोत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी. सगळी फिनिक्स सन्सने स्वखर्चाने सिद्ध केलेली आहेत.

सूत्र पहिलं: घाई करा. संघाच्या चाव्या हातात आल्यावर कार्यालयातल्या लोकांची नावं पाठ करत बसू नका. मॅट इश्बिया यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये संघ घेतला, 4 अब्ज डॉलरच्या भावाने. तीन दिवस व्हायच्या आत केविन ड्युरंट दारात हजर. बदल्यात मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, पहिल्या फेरीचे चार पिक आणि वर एक स्वॅप (म्हणजे काय, ते दुसऱ्या सूत्रात). ब्रिजेस म्हणजे काय, न दमता रोज खेळणारा, समोरच्याच्या सर्वांत चांगल्या गार्डला धरणारा माणूस. असे काय, कुठेही मिळतात. पुढल्याच वर्षी ब्रुकलिनने त्याच ब्रिजेसचे न्यूयॉर्ककडून पहिल्या फेरीचे पाच पिक वसूल केले. ड्युरंट फिनिक्समध्ये होता तेवढ्या काळात संघाने प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची) एक सीरिज जिंकली. एक.

इथे कंजुषी करू नका. समोरचा तीन पिक मागत असेल तर चार द्या. त्यालाही बरं वाटतं.

सूत्र दुसरं: सम-विषम शिका. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपिअन यांनी ड्राफ्ट पिक असे काही उधळले की लीगला त्यांच्यामुळे नियम करावा लागला: पुढच्या सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन मोकळं होता येणार नाही. मालकाला स्वतःपासून वाचवणारा नियम. त्याला वळसा सोपा आहे. विषम वर्षं विकून टाका (2023, 2025, 2027, 2029 ब्रुकलिनला) आणि सम वर्षांचे स्वॅप द्या (2024, 2026, 2028, 2030 वॉशिंग्टनला). स्वॅप म्हणजे तुमचा पिक चांगला निघाला तर तो त्यांचा आणि त्यांचा रद्दड तुमचा. कागदावर दर वर्षी पिक आहेच, त्यामुळे नियमही खूश. मग 2031 एकटाच उरतो, तो केविलवाणा दिसतो. जानेवारी 2025 मध्ये तोही युटाला दिला आणि त्याचे तीन बारके पिक घेतले. पाचशेची नोट मोडून सुटे. सुटे मग किती पटकन संपतात ते घरी कुणालाही विचारा. मालकांचा मूळ धंदाच घरकर्जाचा, तेव्हा गहाण टाकण्याची भीड त्यांना नसणारच.

सूत्र तिसरं: तिसरा स्टार आणा, आणि तो आणताना करार वाचू नका.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. ब्रॅडली बीलने 2022 मध्ये वॉशिंग्टनशी पाच वर्षांचा, 25 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला. त्यात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नाही. हा क्लॉज लीगमध्ये बोटावर मोजण्याइतक्यांनाही मिळत नाही. वॉशिंग्टनने तो दिला ही त्यांची चूक. फिनिक्सने जून 2023 मध्ये ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट, दुसऱ्या फेरीच्या पिकांची मोळी आणि ते सम वर्षांचे स्वॅप देऊन दुसऱ्याची चूक विकत घेतली. क्लॉजसकट. दोन सीझन खेळला. पहिल्यात 82 पैकी 53 सामने. दुसऱ्यात 82 पैकी 53 सामने. सातत्य नाही असं म्हणायची सोय नाही.

आता हिशेब बघा. 2024-25 मध्ये दुसऱ्या एप्रनची (संघाच्या एकूण पगारावर लीगने आखलेली सर्वांत वरची मर्यादा) रेघ होती 18 कोटी 89 लाख डॉलरवर. सन्सचे पगार 21 कोटींच्या वर. त्यावर लक्झरी टॅक्स (जास्त पगार दिल्याचा लीगचा दंड) 15 कोटींच्या घरात. पैसे मालकाचे, आपलं काय जातं? बरोबर. पण ती रेघ ओलांडली की पैशाच्या पलीकडची शिक्षा सुरू होते. दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. दहा अधिक दहा वीस होत नाहीत. मिड-लेव्हल एक्सेप्शन (मधल्या पगारावर बाहेरचा खेळाडू घ्यायची सवलत) नाही, म्हणजे बाहेरून कुणाला घ्यायचं तर किमान पगारावर. ट्रेडमध्ये रोख टाकता येत नाही. आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. सन्सचा 2032 चा असाच गोठला. म्हणजे संघ मोडकळीला आलाय हे दिसतंय, पण दुरुस्तीची हत्यारं लीगने काढून घेतली आहेत, आणि ज्या एका पगाराच्या बदल्यात काही येऊ शकलं असतं तो बीलचा. तो म्हणतो, मी नाही जात. मायामीच्या जिमी बटलरला आणायचं प्रकरण नेमकं इथेच अडलं. बीलला का दोष द्यायचा? त्याच्या करारात लिहिलं होतं. वाचायला हवं होतं की नको? चार-पाच मोठे वकील, एक जीएम, एक मालक, एकानेही ते पान उलटलं नाही? की उलटलं आणि 'बघू नंतर' म्हणून ठेवून दिलं? आपण भाड्याच्या खोलीचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट याहून बारकाईने वाचतो!

असो. उपदेश चालू आहे. जुलै 2025 मध्ये बीलला पैसे देऊन मोकळं केलं. उरलेले 11 कोटी 8 लाख. त्यातले 1 कोटी 39 लाख त्याने सोडले. हा आकडा आभाळातून पडला नाही. कापलेल्या खेळाडूचा पगार लांबवायचा तर उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे दोनाची पाच वर्षं. पण अशा मेलेल्या पैशाचा बोजा कॅपच्या (पगाराच्या मूळ मर्यादेच्या) 15 टक्क्यांवर नेता येत नाही. कॅप 15 कोटी 46 लाख, म्हणजे हद्द 2 कोटी 32 लाख. आधी कापलेल्या नासिर लिटलचा लांबवलेला पगार आधीच त्यात बसलेला. उरलेल्या फटीत बीलला कोंबायला तेवढी सूट लागतच होती. आता दर वर्षी सुमारे 1 कोटी 94 लाख डॉलर, 2029-30 पर्यंत, एका अशा माणसाला जो क्लिपर्सकडून आपल्याविरुद्धच खेळणार. संघाचा मुख्य खेळाडू डेव्हिन बुकर, त्याचा नवा करारही 2029-30 लाच संपतो. निरोप समारंभ एकत्र ठेवता येईल.

सूत्र चौथं: पॉइंट गार्ड (चेंडू वाटून खेळ चालवणारा) ही चैन आहे.

पाचवं: कोच बदला. मॉन्टी विल्यम्स 2023 मध्ये गेले. फ्रँक व्होगेल यांच्याशी पाच वर्षांचा करार. 49 विजय, मिनेसोटाकडून 0-4, एका वर्षात घरी. मग माइक बुडेनहोल्झर, पुन्हा पाच वर्षांचा करार. सुरुवात 8-1, शेवट 36-46, पश्चिमेत अकरावे, प्ले-इनसुद्धा (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीची पात्रता फेरी) नाही, एका वर्षात घरी. हे तेच बुडेनहोल्झर, ज्यांच्या मिलवॉकीने 2021 च्या फायनलमध्ये 0-2 वरून सलग चार जिंकून फिनिक्सच्या तोंडचा घास काढला होता. बहुधा तो राग त्यांना नोकरी देऊन काढला. एकूण हिशेब म्हणाल तर त्या वर्षी पगार आणि टॅक्स मिळून एक विजय साधारण एक कोटी डॉलरला पडला.

सहावं: माणसं आपल्या कॉलेजची घ्या. मालक मिशिगन स्टेटचे, नवे जीएम ब्रायन ग्रेगरी तिथे असिस्टंट होते, नवे कोच जॉर्डन ऑटही तिथूनच वर आलेले. आपल्याकडे याला गाववाला म्हणतात, तिकडे कल्चर.

(एक मान्य करायला हवं: सामने फुकट टीव्हीवर आणले आणि स्टेडियममध्ये हॉट डॉग 2 डॉलरला ठेवला, हे इश्बियांनी चांगलं केलं. संघही त्याच भावात बांधला असता तर.)

आता डावपेच. 2023-24 चा चौथा क्वार्टर डोळ्यांसमोर आणा. बुकर चेंडू घेऊन वर येतो. ड्युरंट एल्बोवर (फ्री-थ्रो रेषेच्या टोकाला) हात वर करून. बील कोपऱ्यात, कमरेवर हात. सेंटर (उंच खेळाडू) स्क्रीन लावतो, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो, समोरचे दोघे बुकरवर उडी घेतात. तिथून चेंडू वेळेवर सोडणारा माणूसच संघात नाही. घड्याळाचे चौदा सेकंद गेलेले. शेवटी कुणी तरी तोंडावर हात असताना अठरा फुटांवरून जंप शॉट मारतो. गेला तर काय देखणं दृश्य. नाही गेला तर तिघे तिथेच उभे, परतायला कुणी नाही, आणि पलीकडे दोनावर एक चालू. दुसऱ्या वर्षी किमान पगारावर टायस जोन्स आणला, तर बचावात प्रत्येक संघ शोधून शोधून त्याच्यावरच चाल करून गेला. स्वस्तातला पॉइंट गार्ड असाच असतो, एका टोकाला देतो ते दुसऱ्या टोकाला घेतो.

यंदा ड्युरंटला ह्यूस्टनला दिलं आणि जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, दुसऱ्या फेरीचे पाच पिक आणि दहाव्या क्रमांकाचा पिक आला. तो दहावा पिक कुणाचा होता माहितेय? फिनिक्सचाच. ड्युरंटसाठी ब्रुकलिनला दिलेला, तिथून ह्यूस्टनला गेलेला, आणि आता ड्युरंटच देऊन सोडवून आणलेला. स्वतःचंच मंगळसूत्र सावकाराकडून परत आणून 'नवीन दागिना' म्हणून मिरवण्याचा प्रकार. त्यावर मालुआच घेतला, तो बरा घेतला. उंच आहे, कोवळा आहे, दोन वर्षं लागतील. सेंटरला मार्क विल्यम्स: रिंगजवळ उत्तम, पण तीन सीझनच्या 246 सामन्यांत 106 खेळलेला, आणि फेब्रुवारीत लेकर्सने वैद्यकीय तपासणीनंतर परत केलेला. ग्रीन सलग दोन सीझन पूर्ण 82 सामने खेळला आणि इकडे येताच हॅमस्ट्रिंग धरून बसला. मातीचा गुण.

तरी या संघाला काही करता येईल असं मला वाटतं. डन, इघोडारो, ओ'नील, ब्रुक्स, गिलेस्पी हे पळणारे, अंगावर जाणारे लोक आहेत. बचाव कोर्टभर दाबायचा, हुकलेल्या शॉटवर दोघांनी आत घुसायचं, तीन पॉइंटचे प्रयत्न वाढवायचे, बुकरला पॉइंटवर ठेवून त्याच्या अंगावर डबल (दोन बचावपटू) आला की मधल्या पट्ट्यात इघोडारोकडे चेंडू द्यायचा आणि तिथून चारावर तीन खेळायचं. विल्यम्सला लागोपाठच्या दोन दिवसांपैकी एकच दिवस उतरवायचं. ऑट हे करतील तर 35 च्या आसपास जिंकतील. नाही केलं तर पंचवीस.

पण तुम्हाला ते नको आहे. तुमचं सातवं सूत्र तयारच आहे: 'हरूया, टँक करूया, चांगला पिक मिळेल.' कुणाला मिळेल? 2031 पर्यंत स्वतःच्या पहिल्या फेरीच्या पिकावर या संघाचा ताबा नाही. आपण जितके हरू तितकं वॉशिंग्टन, ह्यूस्टन आणि युटाचं भलं. हरण्याचीसुद्धा ऐपत उरलेली नाही.

आणि तुझे ते 'चार फ्युचर फर्स्ट'. कुठले चार रे? वर्षं सांग. 2027? ह्यूस्टनकडे. 2029? गेला. 2031? युटा. 2032? गोठलाय, वर सांगितलं. मशीनमध्ये बटण दाबलं म्हणजे पिक तयार होत नाहीत! मशीन फक्त पगार जुळवतं, मालकी बघायची अक्कल तुझी तुला लागते. आणि तुम्ही सतरा जण, तुम्ही तेच आहात ज्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिजेस गेला तेव्हा 'रोल प्लेअरच तर होता' लिहिलं होतं. बील आला तेव्हा 'बिग थ्री' म्हणून डीपी बदलले होते. व्होगेलला काढा, बुडला काढा, तुमचीच ओरड. मालकाने दुसरं केलं काय? तुम्ही ग्रुपवर जे म्हणता ते त्याने खऱ्या पैशाने केलं. 1968 पासून संघ आहे, तीन फायनल आणि एकही ट्रॉफी नाही, आणि 2021 ला दोन सामन्यांवर आलेला जो संघ होता त्यातला आज एक बुकर उरलाय. एक! तोही विकून टाका म्हणणारे दोघे याच ग्रुपमध्ये आहेत, नावं घेत नाही. गप्प बसा जरा. एक सीझन गप्प बसून त्या पोरांना खेळू द्या, मालुआचने स्क्रीन चुकीच्या कोनात लावली म्हणून पहिल्या आठवड्यात 'बस्ट' (फुसका निघाला) लिहू नका.

पाडव्याला पहाटे पाच वाजता ड्युरंट ह्यूस्टनच्या जर्सीत ओक्लाहोमाविरुद्ध उतरेल. तो बघून रडायचं असेल त्यांनी रडून घ्या. आपला पहिला सामना सॅक्रामेंटोशी, भाऊबीजेच्या सकाळी. आंघोळ करून बसा, आणि स्क्रीनशॉट टाकू नका.