‘पुरुषही मरतातच की!’ हो, पण परत कोण येतं?

सुपरहीरोंच्या गोष्टींत बायकांना वाईट वागवतात ही निव्वळ ओरड आहे, असं सांगणारी एक पोस्ट पुन्हा फिरते आहे. तिचे मुद्दे चार. मरतात तर पुरुषही. देह तर पुरुषांचेही अवास्तव काढतात. बायकांचे सिनेमे कोणी बघत नाही. आणि नायक मेलेल्या प्रेयसीसाठी जन्मभर झुरतो, याहून मोठा मान तो कोणता?

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. पुरुष मरतात, पण कायमचे क्वचितच. सुपरमॅन १९९२ मध्ये गेला, १९९३ मध्ये हजर. बेन नावाच्या खलनायकानं बॅटमॅनची पाठ मोडली तीही १९९३ मध्येच. पुढच्या वर्षी गडी पुन्हा छपरांवरून उड्या मारत होता.

आता बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, बघा. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’ या कॉमिकमध्ये बेल वाजते, ती दार उघडते. समोर रंगीबेरंगी शर्ट घातलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला जोकर, बॅटमॅनचा वैरी. गोळी सुटते, मणका जातो. मग तो तिचे कपडे काढून फोटो घेतो. कशासाठी? तिच्या बापाला, म्हणजे पोलीस कमिशनर गॉर्डनला, वेड लागावं म्हणून. पुढची गोष्ट जोकर, गॉर्डन आणि बॅटमॅन या तिघांची. बार्बराच्या वाट्याला हॉस्पिटलची खाट. ती व्हीलचेअरमधून उठली थेट २०११ मध्ये. शहर एकच, मोडलेल्या पाठी दोन. एकीला वर्ष लागलं, दुसरीला तेवीस. (मधल्या काळात ‘ओरॅकल’, म्हणजे संगणकावरून नायकांना माहिती पुरवणारी, म्हणून ती बॅटगर्लपेक्षाही भारी झाली, हे मान्यच. पण ते श्रेय जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखकांचं, तिला गोळी घालणाऱ्या कथेचं नव्हे.)

म्हणजे प्रश्न कोण मरतं हा नाहीच, कोणासाठी मरतं हा आहे. १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिकमध्ये नायक काइल रेनर घरी येतो, चिठ्ठी वाचून फ्रिज उघडतो, तर आत त्याच्या प्रेयसीचं, अलेक्झांड्राचं, प्रेत कोंबलेलं. काही अंकांपूर्वीच आलेली ही मुलगी, कामाची फोटोग्राफर. फ्रिजपर्यंत पोचल्यावर ती फक्त काइलच्या संतापाचं सरपण उरते. कॉमिक्सची लेखिका गेल सिमोननं १९९९ मध्ये मारलेल्या, शक्ती हिरावलेल्या, छळलेल्या नायिकांची यादी केली, तिला नाव मिळालं ते याच फ्रिजवरून.

देहांचं थोडक्यात सांगतो. पुरुषाचे दंड वाचणाऱ्या मुलाला स्वतःला हवे असतात. बाईची कंबर मात्र त्याला बघायला हवी असते. २०१२ मध्ये चाहत्यांनी हॉकआय या धनुर्धारी नायकाला नायिकांच्या पोझमध्ये काढून दाखवलं. ती चित्रं बघा आणि हसू आवरून दाखवा.

सिनेमांचं तर सोपं आहे. ‘कॅटवुमन’ (२००४) आणि ‘इलेक्ट्रा’ (२००५) आपटले, तर दोष बाईचा. ‘ग्रीन लँटर्न’ (२०११) आपटला, तेव्हा पुरुष चालत नाहीत असं कोण म्हणालं? नायिकेच्याच नावाच्या २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’नं जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. त्याचाच पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ २०२३ मध्ये पडला, खरंच आहे. त्याच वर्षी पुरुष नायकाचा ‘द फ्लॅश’ही पडला. पोस्टीत त्याचं नाव नाही.

राहिला झुरण्याचा मान. स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, १९७३ मध्ये पुलावरून फेकलं. तेव्हापासून त्याचा अपराधगंड सगळ्यांना पाठ आहे. ग्वेनला आयुष्यात काय करायचं होतं, सांगा बरं पटकन! आणि सगळ्यांसाठी झुरतात असंही नाही. बॅटमॅनचा तरुण साथीदार म्हणजे रॉबिन. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, मेला तेव्हा त्याचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या कपाटात लागला. २००४ मध्ये स्टेफनी ब्राउन रॉबिन झाली आणि त्याच वर्षी हालहाल करून मारली गेली. २००८ मध्ये ती परतली खरी, पण मधली चार वर्षं वाचक विचारत राहिले, तिचं कपाट कुठंय? जागेची अडचण म्हणावी, तर त्या गुहेत एक अख्खा डायनोसॉर उभा आहे.