कॉन्सर्टनंतरचं जेवण

काल कॉन्सर्ट संपली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बाहेर आलो तर कानात दडे बसलेले. ताई काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द कानात कापूस घातल्यासारखे लांबून येत होते. तीन तास उभं राहून पायांचे तुकडे पडलेले आणि पोटात कावळे ओरडत होते.

समोरच्या नावाजलेल्या हॉटेलात तोबा गर्दी. पाऊण तास थांबावं लागेल म्हणाले, आणि आत स्पीकर असा ढणढणत होता की दारातूनच मी मागे फिरले. ताई म्हणाली, "चल गं, मागच्या गल्लीत एक आहे, मी पूर्वी जायचे."

सहा-सात टेबलं. फोनवर बघितलं तर रेटिंग जेमतेम आणि ते देणारे वीस-पंचवीस जण. मला या आकड्यांचा मनापासून राग येतो. वीस जणांनी मिळून सरासरी साडेचार तारे दिले आणि एकविसाव्याने चिडून एक तारा टेकवला, की आकडा थेट 4.3 वर येतो. रोज जेवणारी माणसं कधी रेटिंग लिहीत बसत नाहीत, ती नुसती परत येतात. गल्लीतली चांगली हॉटेलं मागे पडतात ती अशी.

लास्ट ऑर्डर होऊन गेली होती. आतल्या बाईंचा ओटा पुसून झाला होता, उरलेलं डब्यांत भरून फ्रिजमध्ये गेलं होतं. अशा वेळी पुन्हा गॅस पेटवायचा म्हणजे भांड्यांपासून सगळं नव्याने. मी म्हटलं, "जे पटकन होईल ते द्या." त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि पातेलं चढवलं. मला तिथेच भरून आलं.

वाढणाऱ्या काकांनी आम्हाला टेबलावर वाकून एकमेकींशी ओरडून बोलताना पाहिलं आणि न सांगता गाणी बंद केली. सूप आलं. वाफ चेहऱ्यावर घेत पहिला चमचा तोंडात घातला आणि मीठ, मिरी, भाजलेल्या लसणाचा कडवट गोडवा, सगळं वेगवेगळं कळलं. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना हेडफोनवर मोठा आवाज ऐकवत खायला दिलं होतं. त्यांना तेच पदार्थ कमी खारट, कमी गोड लागले. त्यामुळे ढणढणत्या हॉटेलांचं मला कोडंच वाटतं. इतक्या मेहनतीने रांधायचं आणि त्याची चव आवाजात बुडवायची!

कानांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. कॉन्सर्टनंतरचा बधिरपणा बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो, पण तो वारंवार आला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. पुढच्या वेळी इयरप्लग घालणार आहे, आणि तुम्हीही घाला.

अर्धं सूप संपल्यावर ताईचा आवाज मला नीट ऐकू यायला लागला. मग कुठे आमची कॉन्सर्ट सुरू झाली. मधल्या त्या संथ गाण्यात ड्रम थांबला आणि नुसती बासरी उरली, तिथे तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. शेजारी उभी असून मला कळलंही नव्हतं. ती ओळ तिने हळूच गुणगुणून दाखवली, बोटाने टेबलावर ठेका धरून. स्वयंपाकघरातल्या बाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. ओळ संपेपर्यंत कोणी हललं नाही.

निघेपर्यंत बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढल्या होत्या. ताईने पैसे देता देता विचारलं, "काका, सोमवारी उघडं असतं ना?"

"सोमवारी बंद. मंगळवारी या."

मंगळवारचं ठरलंय.