खुलासा : ‘अ‍ॅझो-फ्री’ रंग म्हणजे सांडपाण्याला सूट नव्हे

सोलापुरातल्या टॉवेल-चादर कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘अ‍ॅझो-फ्री रंग वापरले की डाईंगच्या पाण्यावर प्रक्रिया लागत नाही, संमतीपत्रही (प्रदूषण मंडळाची परवानगी) लागत नाही.’ ही माहिती चुकीची आहे.

अ‍ॅझो-फ्रीचा संबंध कापड वापरणाऱ्याच्या अंगाशी. काही अ‍ॅझो रंगांतून कर्करोगकारक अमाइन रसायनं सुटतात. ते रंग या मालात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अशा रंगांवर भारतात १९९७ पासूनच बंदी आहे, म्हणजे सवलत मागण्यासारखं त्यात काही नाही.

पाण्याचं गणित वेगळं. सुती टॉवेलवर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जाणारे) चढवायला मीठ आणि सोडा लागतो. गडद मरून किंवा नेव्हीला रंगाच्या पाण्यात लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ सहज जातं आणि धुलाईत ते जवळजवळ सगळं परत बाहेर येतं. तुरटी-चुन्याने बराच रंग खाली बसतो, पाणी नितळ दिसतं. पण त्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवा, आकडा फारसा हललेला नसतो. मीठ काढायला आरओ आणि पुढे बाष्पीभवनच लागतं. नाहीतर ओढ्यातून ते आसपासच्या बोअरमध्ये उतरतं.

संमतीपत्र १९७४ च्या जल कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावं लागतं. तो कायदा सांडपाणी बघतो, रंगाच्या डब्यावरचं लेबल नाही.

खर्चाची ओरड खोटी नाही. त्यासाठी कमी मिठात चढणारे रंग बघा. शेवटच्या धुलाईचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुलाईला वापरा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.