मिसळ ११.९० युरोला आणि ‘लूट’ : आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आपण त्या रविवारी दुपारी म्युनिकमधल्या आमच्या हॉटेलात पाच जण आला होतात, मला चांगलं आठवतंय. मिसळ यायला चाळीस मिनिटं लागली आणि पाव गार होते, हे दोन्ही खरं आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

एक तारा दिलात, तो आपला अधिकार. पण ‘टॅक्स १९ चा ७ टक्के झाला तरी भाव तोच, ही सरळ लूट आहे’ असं लिहिलंत, ते वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून हिशेबच मांडते.

आमची मिसळ २०२२ पासून ११.९० युरोलाच आहे. तेव्हा कोविडची सवलत चालू होती, हॉटेलातल्या जेवणावर ७ टक्के व्हॅट होता. १ जानेवारी २०२४ ला तो परत १९ टक्के झाला. तेव्हा आम्ही मेन्यूकार्ड बदललं नाही. ११.९० मधले १.९० सरकारला द्यायचे आणि बरोबर दहा युरो आमच्याकडे. त्यातच मटकी, फरसाण, गॅस, पगार आणि म्युनिकचं भाडं, जे इथे राहणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. मिस्टर म्हणत होते, पन्नास सेंट तरी वाढवू. मीच नको म्हटलं. टीयूमध्ये, म्हणजे इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, शिकायला आलेली आपली मुलं महिनाअखेरीला एक मिसळ दोघांत खातात, त्यांच्यासमोर नवा भाव कसा ठेवायचा? दोन वर्षं तशीच काढली. त्या दोन वर्षांत ‘यांनी भाव वाढवला नाही’ असा एकही रिव्ह्यू आला नाही.

आता १ जानेवारी २०२६ पासून पुन्हा ७ टक्के आहे. म्हणजे एका मिसळीमागे आमच्याकडे ११.१२ राहतात, आधीपेक्षा १.१२ जास्त. आपण तेवढंच पाहिलंत. पण त्याच तारखेला किमान वेतन ताशी १२.८२ वरून १३.९० झालं, आणि त्यावर कामगारांच्या विम्यातला मालकाचा हिस्सा असतो तो वेगळा. किचनमध्ये एक, बाहेर एक आणि भांड्यांना एक, इतकी माणसं तर लागतातच. सांगा, यात लूट कुठे आहे?

पुण्यात हीच मिसळ शंभर रुपयांत मिळते, असंही आपण लिहिलंय. मिळते, मी नाही म्हणत नाही. इथे थंडीत मटकीला मोड यायला दोन दिवस हीटरशेजारी ठेवावी लागते, रात्री उठून पाणी मारावं लागतं. ते मी स्वतः करते.

आणि लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते. आपण बुकिंग न करता दोन वाजून दहा मिनिटांनी आलात. रविवारी किचन अडीचला बंद होतं, दारावर लिहिलेलं आहे. पावांचा ओव्हन बंद केला होता, रश्श्याचं पातेलं उतरवलं होतं. लांबून आलेली आपली माणसं परत कशी पाठवायची, म्हणून मी पुन्हा गॅस पेटवला. आमच्या नाशकात रस्सा मागेल तेवढा वाढतात, म्हणून तीन वेळा वाढला आणि बिलात लावला नाही. तिसऱ्या वेळी आपल्याबरोबरच्या ताई ‘अगदी घरची चव आहे हो’ म्हणाल्या होत्या. ते रिव्ह्यूत कुठेच नाही.

‘म्युनिकमध्ये चांगलं भारतीय खायचं तर दुसरीकडे जा’ हा सल्लाही वाचला. इथली पंजाबी हॉटेलं चांगली आहेत, बटर चिकन आणि नान खायला आम्हीही जातो. पण मिसळ, भाजणीचं थालीपीठ, भरली वांगी या शहरात किती ठिकाणी मिळतात, तेही सल्ला वाचणाऱ्यांना कळायला हवं होतं.

पाण्याच्या बाटलीचं म्हणाल, तर इथल्या पद्धतीप्रमाणे ती विकतच असते आणि पेयांवर व्हॅट अजून १९ टक्केच आहे. तरी मागितलं तर नळाच्या पाण्याचा जग देऊ. पाव गरम राहण्याचंही काहीतरी बघतोय.

पुन्हा यावं ही विनंती. फक्त रविवारी येणार असाल तर दीडच्या आत या, आणि आदल्या दिवशी एक फोन करा.