कत्तलीच्या गावी आईचा फोन

रेडिंगच्या मावसभावाने बजावलं, "लंडन काय, कुणीही बघतं. कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांत जा, शांतता अनुभवा." आम्ही डोंबिवलीचे. आमच्याकडे एकदम शांत झालं की माणसं गॅलरीत येऊन बघतात, लाइट आपलेच गेलेत की सगळ्यांचे.

तिथली दोन गावं, लोअर स्लॉटर ते अप्पर स्लॉटर दीडेक किलोमीटर, शेतातली पायवाट. वाटेत किसिंग गेट. नाव ऐकून बायको उगाच लाजली. प्रत्यक्षात ते गुरं अडवायचं फाटक; एका वेळी एकच माणूस जाणार, तोही सडपातळ. मी सॅकसकट शिरलो आणि तिथेच राहिलो. मागून एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले आणि नुसते उभे राहिले. हूं नाही की चूं नाही. आपल्याकडे एव्हाना चौघांनी पोट आत घ्यायला सांगितलं असतं आणि पाचव्याने ढकलून पार केलं असतं. शेवटी सुटलो, तर सॉरी तेच म्हणाले!

या 'स्लॉटर'चा कत्तलीशी संबंध नाही म्हणे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चिखलाची जागा. डावा बूट रुतल्यावर मला ते पटलं.

गावात मधाच्या रंगाची दगडी घरं आणि माणूस औषधाला नाही. आम्ही आपोआप कुजबुजायला लागलो, जणू शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं आत्ताच झोपलंय. आय नदी आहे (आपण ओढा म्हणू). तिच्या काठी चिवड्याची पुडी फोडली. एवढीशी पुडी, पण गिरणीचा भोंगा व्हावा तशी वाजली. पहिला घास चावल्यावर तर आम्ही दोघं दचकलोच. पुढचा चिवडा चोखून खाल्ला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. देश जितका लांब तितका आवाज मोठा, हा तिचा हिशोब.

"कुठे आहात रे?"

"स्लॉटरला," मी पुटपुटलो.

"अगं बाई! खाटीकखान्यात कशाला?"

मी हळूच सांगितलं, दोन्ही महायुद्धांत इथून गेलेले सगळे जिवंत परतले. १९४४ साली गावावर बॉम्ब पडले, तरी कुणी दगावलं नाही.

"मग नाव बदला म्हणावं!"

टेकडीवरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि एक पांढऱ्या केसांच्या आजी डोकावल्या. माफी मागायला मी घाईघाईने उठलो, तर फोन त्यांच्याकडे वळला. आजींनी हात हलवला. आईनेही हलवला.

"चहा झाला का, विचार त्यांना," आई ओरडली.