मलम पंधरा दिवस थांबवायला का सांगितलं: सुभेदार साहेबांच्या रिव्ह्यूला उत्तर

सुभेदार साहेब, नमस्कार.

तुम्ही आमच्या त्वचारोग क्लिनिकला एक तारा दिलात. दोन तास बसवून ठेवलं, मलम बंद करून पंधरा दिवसांनी परत बोलावलं ते "फक्त पुन्हा फी लावायला", अर्ध्या अंगावर चट्टे असूनही अपंगत्व पेन्शनच्या अपिलासाठीच्या प्रमाणपत्रात साठ टक्के अपंगत्व लिहिलं नाही आणि आजार लष्करातल्या नोकरीमुळे झाला असंही लिहिलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे. दोन तासांबद्दल मनापासून माफी मागते. सिन्नरहून एसटीने येऊन इतका वेळ बाकड्यावर बसावं लागणं बरोबर नाही.

तुमच्या तपासणीत काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही, ते तुमचं खाजगी आहे. पण फीचं वाक्य फार लागलं, म्हणून त्याबद्दल लिहिते. आमच्याकडे २१ दिवसांच्या आत पुन्हा दाखवलं तर फी घेत नाही. पावतीच्या मागे तसं छापलेलं आहे. दुसऱ्या वेळी घेतले ते बायोप्सीचे (कातडीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचे) पैसे, आणि त्यातला लॅबचा वाटा वेगळा दाखवला आहे. पावती काढून बघा.

आता पंधरा दिवस कशाला ते सांगते. अपंगत्व पेन्शनच्या अपिलासाठी येणारे बरेच माजी सैनिक मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत असतात. त्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक. स्टेरॉइडने लाली उतरते, पापुद्रे जातात, चट्टा चपटा होतो. बुरशीवरच्या औषधामुळे, नायटा असला तरी कातडी खरवडून केलेल्या केओएच तपासणीत बुरशी सापडेलच असं नाही. मग सोरायसिस, इसब आणि नायटा एकमेकांसारखे दिसायला लागतात. बायोप्सीत सोरायसिस ओळखतात तो वरच्या थरात अडकलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवरून आणि सारख्या प्रमाणात जाड झालेल्या कातडीवरून; इसबात पेशींच्या मधे पाणी साचलेलं दिसतं. स्टेरॉइड चालू असताना हाच फरक पुसट होतो आणि पॅथॉलॉजिस्टला "निश्चित निदान करता येत नाही" असं लिहावं लागतं. असा अहवाल एकदा अपिलाच्या फाइलला लागला की पुढे जो फाइल उघडेल तो तेच वाक्य वाचेल. पंधरा दिवस परवडतात साहेब, तो कागद परवडत नाही.

शिवाय पहिलं अपील पेन्शन नामंजूर झाल्याचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचं असतं. मुदत किती उरली आहे हे विचारूनच आम्ही पुढची तारीख देतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. थांबवायचं ते फक्त अंगाला लावायचं मलम, तेही विचारून. पोटातून घ्यायच्या गोळ्या पुराव्यासाठी कधीही बंद करायच्या नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक सोडल्या तर सोरायसिस पू भरलेल्या फोडांसकट अंगभर उसळू शकतो. मलम बंद असताना साधी पेट्रोलियम जेली लावा आणि त्रास वाढला तर तारखेची वाट न बघता या. बायोप्सी आम्ही चार मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) घेतो, न खाजवलेल्या, ताज्या चट्ट्यातून. लॅबच्या फॉर्मवर शरीराची जागा, किती वर्षांचा त्रास आणि शेवटचं मलम कधी लावलं हे लिहितो. हा फॉर्म कोरा गेला तर चांगल्या नमुन्याचाही उपयोग कमी होतो.

मोबाईलवरचे फोटो नको म्हटलं याचाही तुम्हाला राग आला. फोटो हवेच आहेत, पण व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवलेले नकोत. तिथून आलेल्या फोटोतली मूळ तारखेची नोंद निघून जाते आणि बारकावे बिघडतात. चट्टे भरात असतील तेव्हा खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात एक लांबून आणि एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणा. येणाऱ्या-जाणाऱ्या आजारात मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, तपासणीच्या दिवशी कातडी साफ असू शकते. तेव्हा हे फोटो आणि त्याच तारखांच्या ओपीडीच्या नोंदी एवढाच आधार राहतो.

साठ टक्क्यांबद्दल. इंटरनेटवर तुम्ही वाचलेला तक्ता अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा आहे. तिथे इसबासारख्या आजारात ४० टक्क्यांहून जास्त अंग व्यापलं तर ६० टक्के दर्जा मिळतो, २० ते ४० टक्क्यांना ३०, आणि ५ ते २० टक्क्यांना १०. गेल्या बारा महिन्यांत पोटातून किंवा इंजेक्शनने औषध किती आठवडे घ्यावं लागलं तेही धरतात. आपल्याकडे तो तक्ता चालत नाही. अपंगत्वाचे टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला ते किमान २० असावे लागतात. मी मोजते ती व्यापलेली कातडी: रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का. दोन्ही तळहातांवर भेगा पडल्या तर आकडा दोनच्या आसपास येतो, आणि माणसाला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा धरता येत नाही. म्हणून नुसत्या टक्क्यांवर न थांबता आम्ही चालणं, पकड, झोप आणि बूट घालता येतो की नाही हे वेगळं लिहितो आणि डीएलक्यूआय ही, त्वचेच्या आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारी, दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतो. तिचे गुण ० ते ३० असतात आणि ती फक्त मागच्या आठवड्याबद्दल विचारते. चांगल्या आठवड्यात भरली तर गुण कमी येतात. तारीख महत्त्वाची ती यासाठीही. नखांना खड्डे आणि सकाळी बोटं आखडत असतील तर सांध्यांची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. ती बहुतेक जण विसरतात.

"नोकरीमुळेच झाला" हे वाक्य मी कुणालाच लिहून देत नाही, कारण मी नोकरीच्या काळात तपासलेलं नसतं, आणि असं वाक्य बोर्ड पहिल्या नजरेत बाजूला ठेवू शकतं. मी लिहिते ते असं: अमुक तारखेच्या नोंदी पाहिल्या, त्यानुसार आजार अमुक वर्षी सुरू झाला, आणि अमुक कारणाने तो वाढणं वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे. कारण नेमकं लागतं. मलेरियासाठी दिलेलं क्लोरोक्विन सोरायसिस वाढवू शकतं, घशाच्या संसर्गानंतर तो उसळू शकतो, बुटाच्या किंवा पिठ्ठूच्या (पाठीवरच्या सामानाच्या पिशवीच्या) पट्ट्याच्या घासण्याने नेमक्या त्याच जागी चट्टा येऊ शकतो. पण त्यासाठी एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) नोंदी, हॉस्पिटलचे डिस्चार्ज कागद, मेडिकल कॅटेगरी बदलल्याच्या बोर्डांचे कागद, रिलीज मेडिकल बोर्डाचा (सेवेतून सुटतानाच्या तपासणीचा) एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म आणि भरतीच्या वेळची तपासणी समोर हवी. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं गृहीत धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे भरतीचा तो एक कागद माझ्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार आहे. तोफखान्यातल्यांनी तो नाशिकरोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे मागावा, इतरांनी आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडे. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल.

रांगेचं म्हणाल तर माजी सैनिकांना सकाळची वेगळी वेळ देता येते का ते बघतो आहोत, आणि या कागदांची यादी फोनवरच सांगायला स्टाफला सांगितलं आहे.

साहेब, हे क्लिनिक देवळाली, भगूर, सिन्नरकडच्या लोकांच्या विश्वासावर चालतं, आणि नवीन रुग्ण आधी रिव्ह्यू वाचतात. तारा एकच राहू द्या, दोन तासांचंही राहू द्या. फक्त "पुन्हा फी लावायला" एवढं वाक्य पावती बघून काढता आलं तर काढा. आणि एएफएमएसएफ-१६ ची प्रत मिळाली की घेऊन या, तुमचं प्रमाणपत्र त्यातल्या नोंदींसकट नव्याने लिहून देईन. त्याचे पैसे नाहीत.